केमोनंतरची आकडी आणि फाइलीत नसलेला कागद

नायगावच्या खाडीपासून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या आमच्या वसईच्या पट्ट्यात एखाद्या घरातील माणूस काही दिवस दिसेनासा झाला आणि शेजाऱ्याने विचारपूस केली, तर ‘टाटाला नेलंय’ एवढेच उत्तर मिळते. त्या दोन शब्दांत रोगाचे नाव, घरावर आलेली आपत्ती आणि पुढल्या वर्षभराची धावपळ हे सारे ऐकणाऱ्याला उमगते, आणि मग तो अधिक काही विचारत नाही. मुंबईतील परळचे ते टाटा स्मारक रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी अवघ्या ८० खाटांनिशी उघडले, १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे सुपूर्द झाले, आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे त्याच्या दारात येऊन थांबतात. आमची माणसे पहाटेची विरार लोकल धरून, अपंग व कर्करोगग्रस्तांसाठी राखून ठेवलेल्या त्या लहानशा डब्यात बसून, प्लास्टिकच्या पिशवीत ती जाडजूड फाईल छातीशी धरून दादरला किंवा प्रभादेवीला उतरतात, दिवसभर सलाईन लावून घेतात आणि दिवेलागणीला परत घरी येतात. औषध परळला शिरेत जाते. त्याचा अंमल मात्र तिथून सुमारे ५० किलोमीटर दूर, वसईतल्या एखाद्या घरात, पुष्कळदा मध्यरात्री आणि कोणीही जाणकार जवळ नसताना प्रकट होतो. या अंतराविषयी, आणि या अंतरात फाइलीबरोबर जे ज्ञान यायला हवे पण येत नाही त्याविषयी, मला आज लिहायचे आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वाडीतील एका वहिनींना लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला होता आणि त्यांची तिसरी केमो होऊन सहा दिवस लोटले होते. रात्री अडीचच्या सुमारास त्यांचा मुलगा दारावर थापा मारू लागला. “काका, लवकर चला, आईला फिट आलीय.” मी पोहोचलो तेव्हा वहिनींचे डोळे वर गेले होते, दातखिळी बसली होती, आणि उजवा हात इतक्या वेगाने झटके देत होता की हातातली एकुलती एक काचेची बांगडी पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटून सारखी वाजत होती. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, मुलगा स्टीलचा चमचा दातांत सरकवू पाहत होता, आणि मी त्यांचे दोन्ही हात सारे बळ लावून दाबून धरले. यांतली एकही गोष्ट करायची नसते, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दोन-तीन मिनिटांनी झटके आपोआप थांबले. ते आमच्या कांद्याने किंवा किल्ल्यांनी थांबले नव्हते.

रिक्षातून जवळच्या एका लहान रुग्णालयात नेले, तेव्हा रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी फाइलीचे पहिले पान पाहिले आणि म्हणाले, “कॅन्सर आहे ना? मग मेंदूत गेला असणार.” मुलाने भिंतीला हात टेकला आणि तो तसाच खाली बसला. पुढले पाच तास त्या घराने आई गेल्याचे दुःख आई जिवंत असताना भोगले. सकाळी रक्ताचा अहवाल आला. १३५ ते १४५ या दरम्यान असावयाचे सोडियम ११४ वर उतरले होते. डोक्याचे चित्रण झाले, त्यात गाठ नव्हती, सूज नव्हती, रक्तस्राव नव्हता. सोडियम एकदम वाढवले तर मेंदूला नवी इजा होते, म्हणून ते दोन-तीन दिवसांत हळूहळू वर आणले गेले, आणि चौथ्या दिवशी वहिनी उशीला टेकून पेज पीत होत्या. पुढच्या केमोही झाल्या, योग्य ती काळजी घेऊन.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. वहिनींना दिलेल्या औषधांत व्हिन्क्रिस्टीन नावाचे एक औषध होते, आणि त्याचा उगम आमच्या प्रत्येक अंगणात, विहिरीच्या कठड्याशी, बाराही महिने फुलणाऱ्या सदाफुलीत आहे. मधुमेहावर या झाडाचा उपयोग होतो अशी लोकसमजूत होती. ती पडताळून पाहताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या शास्त्रज्ञांना १९५० च्या दशकात सदाफुलीतून व्हिनब्लास्टीन गवसले, त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टीन निघाले, आणि १९६३ पासून ते रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर वापरात आहे. असंख्य मुलांचे प्राण या औषधाने राखले. परंतु काही रुग्णांत ते मेंदूकडून मूत्रपिंडाला जाणाऱ्या आज्ञेत बिघाड घडवते: शरीराने पाणी सोडू नये असा संदेश अकारण चालू राहतो, पाणी साठत जाते, आणि त्या साठलेल्या पाण्यात रक्तातले सोडियम पातळ होत होत इतके घटते की मेंदूच्या पेशी फुगू लागतात. वहिनींच्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइडही होते, ज्याने मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देतात, आणि तो सल्ला योग्यच आहे. पण आमच्या वाडीतील प्रत्येक घराने प्रेमापोटी एकेक शहाळे आणून दिले, सुनेने तासातासाला तांब्या भरून ठेवला, आणि दोन दिवस वहिनींना मळमळते आहे, डोके जड झाले आहे, बोलताना त्या अडखळतात, याचा अर्थ ‘केमोचा थकवा’ असा सर्वांनी लावला. आकडी येण्याच्या आधी शरीराने आम्हाला दोन दिवसांची मुदत दिली होती. ती ओळखता यावी असे कोणी आम्हाला सांगितलेले नव्हते.

केमोथेरपीने आकडी येणे ही सर्रास घडणारी गोष्ट नाही, हे मी इथे स्पष्ट करतो. बहुसंख्य रुग्ण सारे डोस घेऊन पार पडतात आणि त्यांना एकही झटका येत नाही. पण ज्यांना येतो त्यांच्याबाबतीत तो कोणत्या वाटेने येतो, हे वैद्यकाला चांगले अवगत आहे. सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडातून मॅग्नेशियम वाहवून टाकते, त्यापाठोपाठ कॅल्शियमही घटते, आणि त्यात उलट्यांची भर पडली की मज्जातंतू अकारण पेटू लागतात. हाडांच्या व स्नायूंच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या आयफॉस्फामाइडचे शरीरात विघटन होताना क्लोरोअॅसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होते, ते मेंदूला बाधते, आणि रुग्ण गुंगीत जातो, भलतेसलते बोलतो, क्वचित त्याला आकडी येते. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल किंवा रक्तातले अल्ब्युमिन कमी असेल तर हा धोका वाढतो. अशा वेळी औषध थांबवतात आणि काही ठिकाणी मिथिलीन ब्लू हे निळे द्रावण शिरेतून देतात, आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत भानावर येतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील अॅस्पॅराजिनेजमुळे मेंदूतील नीलांमध्ये रक्त गोठू शकते, आणि तिथे विलंब परवडत नाही.

मेथोट्रेक्सेटविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण त्याच्या पूर्वजाशी आपल्या देशातील एका माणसाचे नाव निगडित आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांच्या देखरेखीखाली अमिनोप्टेरिन तयार झाले, आणि त्याच्या बळावर बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ च्या सुमारास रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांना तात्पुरता का होईना पण पहिला उतार मिळवून दिला. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. ते आजही मोठ्या प्रमाणात शिरेतून किंवा पाठीच्या मणक्यातून देतात, आणि मणक्यात दिल्यानंतर दोन ते चौदा दिवसांच्या अवधीत काही मुलांची एक बाजू एकाएकी लुळी पडते, वाचा जाते, कधी आकडी येते. आईबापांना वाटते अर्धांगवायू झाला. बहुतेकदा तो काही तासांत वा दिवसांत ओसरतो. हे आधी सांगितलेले असेल तर त्या आईबापांचे ते काही तास किती निराळे जातील, याची कल्पना ज्याने असा एक तास काढला आहे त्यालाच येईल.

याखेरीज आणखी एक प्रकार असा की, काही औषधांनी रक्तदाब वाढून मेंदूच्या मागल्या भागात सूज येते, दृष्टी अंधुक होते, डोके ठणकते आणि मग झटके येतात. १९९६ साली या विकाराचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या नावातच ‘परत फिरणारा’ अशा अर्थाचा शब्द घातला गेला, कारण रक्तदाब उतरवला आणि कारणीभूत औषध थांबवले की बहुतांश रुग्णांत तो खरोखरच परत फिरतो.

एवढा तपशील देण्याचे प्रयोजन असे की, ‘मेंदूत गेला असणार’ हे वाक्य यांतल्या प्रत्येक प्रसंगी अपुऱ्या पुराव्यावर काढलेला निकाल ठरते. कर्करोग मेंदूत पसरतो, आणि त्यानेही आकडी येते, हे खरे आहे. ते तपासलेच पाहिजे. पण सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि साखर यांची तपासणी वसई-विरारमधील कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत अल्पावधीत होते, रक्तदाब तर दारातच मोजता येतो, आणि या साध्या तपासण्या होईपर्यंत घरच्यांना अंतिम निवाडा ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या तरुण डॉक्टरांना मी सर्वस्वी दोष देत नाही. त्यांच्या समोर दीडशे पानांची फाईल होती आणि रुग्णाला कोणते औषध कोणत्या तारखेला दिले, हे रात्री तीन वाजता त्यांना त्यातून शोधून काढायचे होते. फाइलीच्या पहिल्या पानावर ते एका ओळीत लिहिलेले असते, तर कदाचित त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालेच नसते.

आकडीला आपल्या समाजात जो कलंक चिकटला आहे तोही इथे आडवा येतो. आयुर्वेदाने या विकाराला अपस्मार म्हटले, म्हणजे स्मृतीचे निघून जाणे, आणि त्याला रोगांच्या पंक्तीत बसवून निदान व चिकित्सा सांगितली; पण लोकव्यवहारात मात्र तो बाहेरची बाधा ठरला, आणि हिंदू विवाह कायद्यानेही १९७६ च्या दुरुस्तीपासून अपस्माराला विवाहातील अडसर मानले, तो उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने गेला. म्हणून केमो घेणाऱ्या एखाद्या मुलीला एकदा झटका आला की घरचे तो लपवतात, परळच्या पुढल्या फेरीतही डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि ज्या माहितीवर पुढल्या डोसाचे प्रमाण ठरायचे तीच माहिती दडपली जाते. औषधाने आलेली आकडी म्हणजे जन्माचा अपस्मार नव्हे. कारण दूर झाले की पुष्कळांना आयुष्यभराच्या गोळ्यांची गरज उरत नाही, परंतु हे ठरवायचे ते केमो देणाऱ्या डॉक्टरांनी आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी, शेजारणीने नव्हे.

गोळ्यांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आकडी आली की फेनिटॉइन सुरू करण्याची वहिवाट जुनी आहे. पण हे औषध यकृताला उत्तेजित करून केमोची कित्येक औषधे शरीराबाहेर लवकर घालवते. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या मुलांना फेनिटॉइन वा त्याच जातीची औषधे दीर्घकाळ दिली गेली होती त्यांच्यात केमोचा गुण कमी आल्याचे दिसले. लेव्हेटिरासिटामसारख्या औषधांचा असा अडथळा फारसा होत नाही. म्हणजे वसईत रात्री सुरू केलेली एक गोळी परळच्या उपचारावर परिणाम करू शकते. सबब पहिला झटका आटोक्यात आणल्यावर ज्या डॉक्टरांनी केमो दिली त्यांना सकाळच्या आत कळवणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

माझी मागणी लहान आहे. केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला घरी धाडताना फाइलीच्या अगदी वर अर्धे पान मराठीत, ठळक अक्षरांत लावावे. त्यावर दिलेल्या औषधांची नावे आणि तारीख असावी. या औषधांनी आकडी येण्याचा धोका आहे की नाही, आणि असेल तर कोणत्या दिवसांत अधिक आहे, ते असावे. सतत डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे, न थांबणाऱ्या उलट्या, अंधुक दिसणे अशी लक्षणे दिसताच थांबून न राहता फोन करावा, असे स्पष्ट लिहिलेले असावे. पाणी किती प्यावे याचे प्रमाण, ‘भरपूर’ या एका शब्दावर न सोडता, आकड्यात असावे. आणि आकडी आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका, घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन लावा, हे असावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा एकामागून एक झटके येऊ लागले, तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. पण केमो चालू असणाऱ्याला पहिलाच झटका आला आणि तो लगेच थांबला, तरीही त्याच रात्री रुग्णालयात न्यायचे, सकाळची वाट पाहायची नाही. पानाच्या तळाशी रात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक, आणि स्थानिक डॉक्टरांसाठी दोन ओळी: कोणत्या रक्ततपासण्या आधी कराव्यात आणि कोणाशी बोलावे.

यावर एक आक्षेप असा ऐकू येतो की, एवढे सांगितले तर रुग्ण घाबरून केमोच सोडून देईल. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आमच्या भागात केमोच्या धास्तीने जडीबुटीवाल्याकडे गेलेली आणि मग गाठ फुटल्यावर परत आलेली माणसे मी पाहिली आहेत. परंतु अस्थिमज्जारोपणाच्या वेळी वैद्यक काय करते ते पाहावे. रोपणापूर्वी पुष्कळ रुग्णांना ब्युसल्फान देतात, ते मेंदूत सहज उतरते आणि आकडी आणू शकते हे पक्के ठाऊक असल्याने पहिल्या डोसाच्या आधीपासूनच आकडीविरोधी औषध सुरू केले जाते, रुग्णाला ते समजावून सांगितले जाते, आणि त्यामुळे कोणी रोपणाच्या खोलीतून पळून जात नाही. भय वाढते ते न सांगितलेल्या गोष्टी मध्यरात्री अंगावर आल्यावर; त्या रात्री वहिनींच्या मुलाने मला “आता पुढची केमो नकोच” असे सांगितले होते, आणि तो निर्णय त्याने कोणत्याही कागदामुळे घेतला नव्हता.

ही तजवीज आता अधिक तातडीची झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मधील केंद्रीय अर्थसंकल्पात त्यापुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी दिवसभराच्या उपचाराची केंद्रे काढण्याचा संकल्प जाहीर झाला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला केमोसाठी परळची वारी करावी लागू नये, यापरते दुसरे सुख नाही, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या आमच्या पालघर जिल्ह्याचा त्यावर पहिल्या ओळीतला हक्क आहे. पण केमो जितकी दूर आणि जितक्या लहान गावी पोहोचेल तितकी तिच्यानंतरची रात्र मोठ्या रुग्णालयापासून दूर जाईल. खुर्ची, सलाईनचा स्टँड आणि औषधाची कुपी यांच्याबरोबर हे अर्धे पानही तिथे रुजू झाले पाहिजे. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचा हेतूच देशभरात उपचाराचा दर्जा सारखा राखण्याचा आहे. त्या पानाचा मसुदा तिथे एकदा तयार झाला आणि प्रत्येक भाषेत उतरला, तर राज्य सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला तो लावणे बंधनकारक करावे. छपाईचा खर्च एका कुपीच्या झाकणाएवढाही नाही.

वसई-विरारपुरते एक मागणे वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकवस्ती असलेल्या या शहरात रात्री रुग्णाला मुंबईस हलवायचे म्हणजे महामार्गावरून वसईच्या खाडीचा पूल ओलांडायचा आणि घोडबंदरच्या कोंडीत उभे राहायचे. पावसाळ्यात तर तेवढीही शाश्वती नसते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याशी रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या, तेव्हा केमोची तारीख असलेले किती रुग्ण फलाटावर बसून राहिले असतील. म्हणून महानगरपालिकेच्या आणि खाजगी रुग्णालयांच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांसाठी वर्षातून एकदा तरी कर्करोगतज्ज्ञांनी इथे येऊन अर्धा दिवस द्यावा, आणि केमोच्या रुग्णाला ताप, आकडी वा रक्तस्राव झाल्यास पहिल्या तासात काय करायचे, एवढ्याच विषयावर बोलावे.

वहिनींच्या मुलाने सरकारदरबारच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. तो वालीवच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथल्या तपासणी तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर त्याने निळ्या शाईने आईच्या औषधांची नावे, केमोच्या तारखा, शेवटचे सोडियम आणि परळच्या विभागाचा क्रमांक लिहिला, खाली ‘कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका’ असे दोनदा अधोरेखित केले, आणि केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवून, त्यांनी एक चूक दुरुस्त केल्यावर, तो कागद फाइलीवर चिकटवला. त्यांनी विचारले, हा कुठून आणला? परतीच्या लोकलमध्ये, राखीव डब्यात समोर बसलेल्या एका बाईंनी तो वाचायला मागितला आणि आपल्या नवऱ्याच्या फाइलीसाठी तसाच लिहून द्याल का, असे विचारले. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर येईपर्यंत त्याचे अर्धे पान लिहून झाले होते.